मागील ॲक्सलचा गियर रेशो: ओढण्याची ताकद की इंधनाची बचत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअप किंवा मोठी एसयूव्ही घेताना इंजिन, आसने आणि रंग यांवर बराच विचार होतो. मागील ॲक्सलचा रेशो मात्र यादीच्या तळाशी एका दशांश आकड्याच्या रूपात पडून राहतो. ज्याला ट्रेलर ओढायचा आहे त्याच्यासाठी हा आकडा गाडी हातात असेपर्यंत रोजचा सोबती असतो. पुढील उत्तरांत एक मुद्दा वारंवार येईल: ॲक्सलचा आकडा एकटा वाचून काहीच ठरवता येत नाही. गियरबॉक्स, टायर, इंजिन आणि वजन यांच्या हिशेबात बसवूनच तो वाचावा लागतो.

३.३१, ३.७३, ४.१० हे आकडे नेमके काय सांगतात?

गियरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलमधील पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, फिरवतो आणि पिनियन क्राऊन व्हील, म्हणजे मोठे दातेरी चाक, फिरवते. क्राऊन व्हीलच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की रेशो मिळतो. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतील तर रेशो ३.७३ येतो, ४१ आणि १० असतील तर ४.१०, ४३ आणि १३ असतील तर ३.३१. याचा सरळ अर्थ असा की ४.१० च्या ॲक्सलमध्ये चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला चार फेऱ्यांहून थोडे अधिक फिरावे लागते.

हे आकडे असे अडनिडे का, असेही अनेक जण विचारतात. क्राऊन आणि पिनियन यांच्या दात्यांच्या संख्येत सामाईक विभाजक नसेल तर पिनियनचा प्रत्येक दाता कालांतराने क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भिडतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. त्याच दोन दात्यांची गाठ पुन्हा पुन्हा पडत राहिली तर एकाचा दोष दुसऱ्यात कोरला जातो. म्हणून नेमका ४.०० असा रेशो सहसा टाळतात.

या उत्तरांत ‘मोठा रेशो’ म्हणजे मोठा आकडा आणि ‘लहान रेशो’ म्हणजे लहान आकडा, एवढाच अर्थ घ्यावा.

मोठ्या रेशोमुळे गाडीची शक्ती वाढते का?

इंजिनाची शक्ती, म्हणजे अश्वशक्ती किंवा किलोवॅट, ॲक्सल बदलल्याने तसूभरही वाढत नाही. वाढतो तो त्याच गियरमध्ये चाकावर येणारा ओढीचा जोर. समजा, इंजिन ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, पहिला गियर ४.०३ चा आहे, चाकाची परिणामी त्रिज्या ०.३९ मीटर आहे आणि १० टक्के शक्ती वाटेत घर्षणात जाते. टॉर्क कन्व्हर्टरमुळे (ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गियरबॉक्स यांना तेलाच्या साहाय्याने जोडणारा भाग) होणारी वाढ बाजूला ठेवली तर ३.३१ च्या ॲक्सलने चाकावर सुमारे १२,३०० न्यूटन, ३.७३ ने १३,९०० न्यूटन आणि ४.१० ने १५,२५० न्यूटन जोर मिळतो. दोन टोकांत २४ टक्क्यांचे अंतर आहे, आणि चढावर उभा राहिलेला भरलेला ट्रेलर पुन्हा हलवताना ते ठळकपणे जाणवते.

मात्र चाकाचा जोर जितका वाढतो, त्याच प्रमाणात त्या गियरमधील वेग लवकर संपतो. मोठा रेशो शक्ती निर्माण करत नाही. कोणत्या वेगाला इंजिन किती फेऱ्यांवर असेल, एवढेच तो ठरवतो. ही एक गोष्ट पक्की समजली की पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप दूर होतात.

महामार्गावर इंजिनाच्या फेऱ्यांत किती फरक पडतो?

हिशेब सोपा आहे. गाडीचा वेग मीटर प्रतिमिनिट या एककात घ्यावा, त्याला टायरच्या एका फेऱ्यात कापल्या जाणाऱ्या अंतराने भागावे आणि येणाऱ्या संख्येला ॲक्सलच्या रेशोने व त्या वेळच्या गियरच्या रेशोने गुणावे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १,६६७ मीटर. टायर एका फेऱ्यात २.४५ मीटर पुढे जात असेल तर चाक मिनिटाला ६८० वेळा फिरते. सर्वांत वरचा गियर ०.६७ चा असेल, तर ३.३१ च्या ॲक्सलने इंजिन मिनिटाला सुमारे १,५१० फेऱ्यांवर, ३.७३ ने १,७०० वर आणि ४.१० ने १,८७० वर चालेल.

हा हिशेब स्वतःच्या गाडीसाठी कागदावर एकदा तरी करून पाहावा, असा आमचा आग्रह आहे. विक्रेत्याच्या तोंडी ऐकलेल्या वर्णनापेक्षा हे तीन आकडे कितीतरी अधिक सांगतात.

फेरे कमी म्हणजे इंधनही तितकेच कमी लागते का?

तितकेच नाही. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर १०० च्या वेगाने नेण्यासाठी लागणारी शक्ती प्रामुख्याने हवेचा अडथळा आणि टायरांचे घर्षण यांवर ठरते, आणि ॲक्सल कोणताही असला तरी ती बदलत नाही. बदलते ते इंजिनाच्या आतले नुकसान. फेरे वाढले की पिस्टन, बेअरिंग, पंप यांचे घर्षण वाढते. पेट्रोल इंजिनात आणखी एक गोष्ट घडते: त्याच शक्तीसाठी फेरे जास्त असले तर थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतील झडप, अधिक मिटलेला राहतो आणि अरुंद वाटेतून हवा ओढून घेण्यात इंजिनाची शक्ती खर्च होते. कमी फेऱ्यांवर थ्रॉटल अधिक उघडा राहतो आणि हे नुकसान घटते. डिझेल इंजिनात हवा अशी कोंडली जात नसल्याने तिथे फायदा मुख्यतः घर्षणातील बचतीचा असतो.

म्हणून फेऱ्यांत १०–१२ टक्के फरक असला तरी इंधनातला फरक एकअंकी टक्क्यांत, आणि त्यातही खालच्या अंकांत राहतो. शहरात, जिथे थांबणे आणि निघणे सतत चालते, तिथे तो आणखी पुसट होतो. त्याउलट, वेग १०० वरून ९० वर आणला तर हवेचा अडथळा १९ टक्क्यांनी घटतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. इंधन वाचवण्याची खरोखर तळमळ असेल तर आधी उजव्या पायाकडे आणि टायरमधील हवेकडे पाहावे, ॲक्सलकडे नंतर.

ट्रेलर जोडल्यावर लहान रेशो इंधन वाचवतो का?

हाच या विषयाचा गाभा आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. गाडी आणि ट्रेलर मिळून ५,००० किलो वजन आहे. वेग ताशी ८० किलोमीटर आहे. गियरबॉक्स सहा गियरचा असून त्याचे रेशो ४.०३, २.३६, १.५३, १.१५, ०.८५ आणि ०.६७ आहेत. टर्बो इंजिन १,८०० ते ३,५०० फेऱ्यांच्या दरम्यान जवळजवळ सपाट ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देते, असे धरू. टायर वर घेतलेलाच आहे. त्यामुळे चाकाचे फेरे मिनिटाला ५४४ होतात.

प्रथम सपाट रस्ता पाहू. उंच ट्रेलरचा हवेचा अडथळा आणि टायरांचे घर्षण मिळून इंजिनाकडे सुमारे ४४ किलोवॅट मागितले जातात. ३.३१ च्या ॲक्सलने सहाव्या गियरमध्ये इंजिन १,२०० फेऱ्यांवर येते आणि तिथे त्याला जवळपास ३५० न्यूटन-मीटर द्यावे लागतील. इतक्या खाली एवढा भार घेणे इंजिनाला जड जाते. ते कुंथते, थरथरते, आणि संगणक शहाणा असेल तर तो पाचवा गियर टाकून इंजिन १,५३० फेऱ्यांवर नेतो. आता ४.१० चा ॲक्सल पाहा: त्याच वेगाला तो सहाव्या गियरमध्येच १,५०० च्या आसपास निवांत चालतो. म्हणजे ज्या कमी फेऱ्यांसाठी लहान रेशो घेतला, ते फेरे ट्रेलर जोडताच हातून निसटले आणि दोन्ही गाड्या एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या.

आता ४ टक्क्यांचा चढ घेऊ. इंजिनाकडून सुमारे ९२ किलोवॅट हवेत. ३.३१ ला चौथा गियर थोडक्यात कमी पडतो, त्यामुळे त्याला तिसऱ्यात उतरून २,७५० फेऱ्यांवर ओरडावे लागते. ३.७३ ला चौथा गियर पुरतो आणि इंजिन २,३३० फेऱ्यांवर चढ घेते. ४.१० लाही चौथा पुरतो, पण २,५७० फेऱ्यांवर. या चढावर मधला रेशो सर्वांत समाधानी आहे.

चढ ६ टक्क्यांचा झाला की मागणी ११६ किलोवॅटपर्यंत जाते, आणि इथे निकाल पुन्हा फिरतो. आता तिघांनाही तिसराच गियर लागतो. ३.३१ तिथे २,७५० फेऱ्यांवर चढ जेमतेम निभावतो, वेग किलोमीटरभराने ढळेल इतकेच. ३.७३ ला ३,१०० आणि ४.१० ला ३,४०० फेरे लागतात, पण त्यांच्या हाताशी थोडी शक्ती शिल्लक राहते.

या उदाहरणातून कोणी एक विजेता निघत नाही, आणि तो निघावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. कोणता ॲक्सल बरा हे तुमच्या नेहमीच्या रस्त्याचा चढ आणि गियरबॉक्सच्या पायऱ्या यांच्या जुळणीवर ठरते. लहान रेशोची बचत रिकाम्या गाडीसाठी खरी आहे. भरलेल्या ट्रेलरसह मात्र ती पुष्कळदा विरून जाते.

गियरबॉक्समध्ये आठ–दहा गियर असताना ॲक्सलच्या रेशोला पूर्वीइतके महत्त्व उरले आहे का?

पूर्वीइतके नाही. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई या चार गियरच्या जुन्या गियरबॉक्सचा पहिला गियर ३.०६ आणि चौथा ०.७० आहे. त्याला ४.१० चा ॲक्सल जोडला तर पहिल्या गियरमधील एकूण रेशो १२.५ होतो. फोर्डच्या १०आर८० या दहा गियरच्या गियरबॉक्सचा पहिला गियर ४.७० आहे, त्याला ३.३१ चा, म्हणजे ‘इंधन वाचवणारा’ समजला जाणारा ॲक्सल जोडला तरी एकूण रेशो १५.६ येतो. जुन्या काळी ओढण्यासाठी हौसेने घेतलेल्या ॲक्सलपेक्षा आजचा काटकसरीचा ॲक्सल जागेवरून अधिक जोराने निघतो. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून दिलेला सल्ला, देणारा कितीही जाणकार असला, तरी आजच्या गाडीला जसाच्या तसा लावू नये.

दुसरा फरक पायऱ्यांचा. चार गियरच्या त्या गियरबॉक्समध्ये चौथ्यातून तिसऱ्यात उतरले की फेरे एका झटक्यात ४३ टक्क्यांनी वाढतात. चौथा दमतो आणि तिसरा ओरडतो, या दोहोंमध्ये काहीच नसल्याने त्या काळी योग्य ॲक्सल निवडणे फार मोलाचे होते. झेडएफच्या आठ गियरच्या ८एचपी मालिकेत आठव्यातून सातव्यात उतरताना वाढ २६ टक्के आणि सातव्यातून सहाव्यात १९ टक्के असते. पायऱ्या जवळ आल्या की इंजिनाला हवी ती जागा सापडतेच, आणि ॲक्सलच्या निवडीतील चूक बऱ्याच अंशी झाकली जाते.

तरीही दोन ठिकाणी ॲक्सल स्वतःचे म्हणणे राखून आहे: सर्वांत खालच्या गियरमध्ये, जिथे याहून खाली उतरायला गियरच नसतो, आणि सर्वांत वरच्या गियरमध्ये, जिथे रिकाम्या गाडीचे फेरे ठरतात.

डिझेल आणि पेट्रोल इंजिनांसाठी निवड वेगळी असावी का?

होय. मोठ्या डिझेल इंजिनांचा टॉर्क १,६०० ते २,८०० फेऱ्यांच्या पट्ट्यात भरपूर असतो आणि त्यांची कमाल मर्यादाही कमी असते. अशा इंजिनाला ४.१० चा ॲक्सल दिला तर ते महामार्गावर विनाकारण घुमते. फार जड ट्रेलर नसेल तर ३.३१ ते ३.७३ पुरेसा होतो. टर्बो पेट्रोल इंजिन या बाबतीत डिझेलच्या जवळ जाते.

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची प्रकृती वेगळी आहे. त्याचा सर्वाधिक टॉर्क बरेचदा ४,००० फेऱ्यांच्या आसपास मिळतो, म्हणून त्याला लवकर वर नेणारा मोठा रेशो मानवतो. शिवाय उंचावर हवा विरळ होते आणि अशा इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्क्यांनी घटते. १,५०० मीटर उंचीच्या घाटात ते सुमारे १५ टक्के शक्ती गमावून बसलेले असते. टर्बो ही उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढतो. डोंगराळ प्रदेशात नेहमी ट्रेलर नेणाऱ्याने टर्बो नसलेले इंजिन घेतले असेल, तर मोठ्या रेशोबद्दल फार घासाघीस करू नये, तो घ्यावाच.

एकाच गाडीची ओढण्याची अधिकृत क्षमता ॲक्सलप्रमाणे का बदलते?

कारण ती क्षमता ठरवताना गाडीने काही ठरावीक कसोट्या पार कराव्या लागतात, आणि त्यांत चाकावरचा जोर व इंजिन–गियरबॉक्सचे तापमान दोन्हींची परीक्षा होते. अमेरिकेत यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे जे२८०७ हे मानक आहे. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ते सर्वांत आधी स्वीकारले. त्यात १२ टक्के चढावर ट्रेलरसह पुन्हा पुन्हा जागेवरून निघून दाखवावे लागते. तिथे पहिल्या गियरचा एकूण रेशो थेट कामाला येतो. ॲरिझोनातील डेव्हिस डॅम नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर, कडक उन्हात आणि वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, मागे दोनच चाके असलेल्या गाडीचा वेग ताशी ४० मैलांखाली, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरखाली, जाऊ न देण्याची अटही त्यात आहे.

ॲक्सल बदलल्याने चेसिस, ब्रेक किंवा मागच्या स्प्रिंगा अधिक मजबूत होत नाहीत, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. कारखान्यातून मोठ्या रेशोसह येणाऱ्या गाडीला अनेकदा मोठा रेडिएटर, ऑइल कूलर किंवा वेगळी हिच (ट्रेलर अडकवण्याची जोडणी) जोडलेली असते आणि अधिकृत आकडा या सर्वांचा मिळून असतो. त्यामुळे गॅरेजमध्ये क्राऊन–पिनियन बदलून घेतले म्हणून गाडीची अधिकृत क्षमता वाढली असे समजून वजन चढवणे धोक्याचे आहे. दरवाजाच्या चौकटीवरील पट्टी आणि मालकाची पुस्तिका यांतील वजनाच्या मर्यादा तशाच लागू राहतात.

मोठे टायर बसवले तर काय होते?

परिणामी रेशो लहान होतो. ८० सेंटिमीटर व्यासाच्या जागी ८४ सेंटिमीटरचे टायर आले तर ३.७३ चा ॲक्सल ३.५५ सारखा वागू लागतो. टायरचे वाढलेले वजन वेगळेच. ‘गाडी पूर्वीसारखी ओढत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी टायर बदलले होते का, हे स्वतःलाच विचारावे.

गियरबॉक्सच्या आयुष्याशी ॲक्सलचा काही संबंध आहे का?

आहे, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. चाकावर ठरावीक जोर हवा असेल, तर मोठ्या रेशोच्या ॲक्सलमध्ये प्रोपेलर शाफ्ट आणि गियरबॉक्स यांना कमी टॉर्क वाहावा लागतो, कारण उरलेली वाढ शेवटच्या टप्प्यावर ॲक्सलच करतो. लहान रेशोमध्ये तोच भार गियरबॉक्सच्या क्लचपट्ट्यांवर येतो.

ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा खरा शत्रू उष्णता आहे. चढावर इंजिन कमी पडू लागले की टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक, म्हणजे त्याची थेट जोडणी, सुटते, आतले तेल घुसळले जाते आणि तापते. त्यातच गियर सतत वर–खाली होत राहिला तर प्रत्येक बदलात क्लच थोडे घसरतात. भारासाठी रेशो फारच लहान असेल तर ही सारी मालिका दिवसभर चालू राहते. अशा वेळी टो/हॉल मोड, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची गियरबॉक्सची सोय, अवश्य वापरावा. तो वरचा गियर उगाच टाकू देत नाही आणि कन्व्हर्टर शक्य तितका लॉक ठेवतो. गाडी दर मिनिटाला गियर मागत असेल, तर हाताने एक गियर खाली बांधून ठेवणे इंजिनाला आणि गियरबॉक्सला, दोघांनाही सुखाचे असते. फेरे थोडे वाढलेले ऐकून घाबरण्याचे कारण नाही. २,८०० फेऱ्यांवर स्थिर चालणारे इंजिन १,३०० वर धापा टाकणाऱ्या इंजिनापेक्षा कमी यातना सोसते.

मोठ्या रेशोची एक उणी बाजूही नोंदवावी लागेल. पिनियनचे दाते कमी झाले की त्याचा आकार लहान होतो आणि एका वेळी भिडणारे दाते घटतात, त्यामुळे ४.५६ किंवा ४.८८ सारख्या टोकाच्या रेशोंत क्राऊन–पिनियन स्वतः थोडे नाजूक होते. कारखान्यातून येणाऱ्या ३.७३ किंवा ४.१० बाबत ही चिंता नको.

उतारावर मोठा रेशो उपयोगी पडतो का?

पडतो. त्याच गियरमध्ये इंजिन जास्त फेऱ्यांवर असल्याने इंजिन ब्रेकिंग अधिक मिळते आणि ब्रेक कमी तापतात. मात्र लहान रेशोच्या गाडीत एक गियर आणखी खाली उतरून हेच साधता येते, त्यामुळे केवळ उतारांसाठी म्हणून ॲक्सल निवडण्याची गरज नाही. ट्रेलरला स्वतःचे, नीट जुळवलेले ब्रेक असणे याहून कितीतरी महत्त्वाचे आहे.

मग नवी गाडी घेताना कोणता रेशो निवडावा?

वर्षातील बहुतेक दिवस गाडी कशी चालणार, याचे प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्यावे. ट्रेलर वर्षातून दोन–चारदाच जोडला जाणार असेल, तो गाडीच्या क्षमतेच्या निम्म्याहून हलका असेल आणि गियरबॉक्स आठ किंवा दहा गियरचा असेल, तर लहान रेशो निःशंकपणे घ्यावा. त्या चार दिवसांत गियरबॉक्स एक गियर खाली उतरून काम भागवेल.

ट्रेलर दर आठवड्याला जोडला जाणार असेल, वजन क्षमतेच्या दोन–तृतीयांशाच्या पुढे असेल किंवा वाट चढांची असेल, तर मोठा रेशो घ्यावा. रिकाम्या प्रवासात थोडे जास्त इंधन जाईल, पण ते भरलेल्या प्रवासात बऱ्याच अंशी भरून निघेल, आणि जागेवरून निघताना, मागे घेताना, चिखलातून किंवा बोट पाण्यात सोडण्याच्या उतारावरून वर येताना गाडी अंगावर ताण घेणार नाही.

या दोहोंच्या मध्ये असलेल्यांसाठी ३.५५ ते ३.७३ हा पट्टा समंजस आहे. आमचे स्पष्ट मत असे की शंका असेल तर एक पायरी मोठ्या रेशोकडे झुकावे. चुकून मोठा घेतला तर थोडे इंधन जाते. चुकून लहान घेतला तर गाडी प्रत्येक चढावर ते जाणवून देते, आणि नंतरचा बदल खर्चाचा व कटकटीचा असतो.

माझ्या गाडीत कोणता रेशो आहे हे कसे ओळखावे?

दरवाजाच्या पट्टीवरील ॲक्सल कोड आणि ॲक्सलच्या झाकणाच्या बोल्टखाली अडकवलेली छोटी पत्र्याची पट्टी ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. जुन्या गाडीत कोणी मध्येच क्राऊन–पिनियन बदललेले असू शकते, म्हणून मोजून खात्री करणे उत्तम. पुढच्या चाकांना पाचरी लावाव्यात, साधे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ॲक्सलमधील रचना) असेल तर मागचे एकच चाक उचलून मजबूत स्टँडवर टेकवावे, गियर न्यूट्रल करावा आणि उचललेले चाक पूर्ण दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे फिरेल तो रेशो. शाफ्ट पावणेचारच्या किंचित आत थांबला तर ३.७३ समजावा. लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाला मोकळे घसरू न देणारे, डिफरन्शियल असेल तर दोन्ही चाके उचलावी लागतात आणि चाकाचा एकच फेरा पुरतो. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

रेशो नंतर बदलता येतो का? त्यात काय काय येते?

येतो, पण हे काम घाईने करण्यासारखे नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, सोबत बेअरिंग आणि सील नवे घालणे शहाणपणाचे ठरते. पिनियन किती खोल बसले आहे ते शिम (पातळ चकत्या) घालून जुळवावे लागते, त्याच्या बेअरिंगवरचा दाब मोजावा लागतो, दात्यांमधला प्ले, म्हणजे मोकळीक, सामान्यतः ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावा लागतो, आणि शेवटी दात्यांना रंग लावून त्यांचा ठसा कुठे उमटतो ते पाहावे लागते. ठसा चुकीच्या जागी पडला तर ॲक्सल आधी गुणगुणतो आणि पुढे दाते झिजवतो. हे काम केवळ अनुभवी आणि मोजमापाची साधने असलेल्या हातांतच द्यावे.

काही ॲक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढे डिफरन्शियलचे केसही बदलावे लागते. डाना ४४ या ॲक्सलमध्ये ही सीमा ३.७३ आणि ३.९२ यांच्यामध्ये आहे, तर डाना ६० मध्ये ४.१० आणि ४.५६ यांच्यामध्ये, खर्चाचा अंदाज घेताना हे आधीच विचारावे. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचा ॲक्सलही त्याच रेशोचा करावा लागतो, नाहीतर कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडताच ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या व मागच्या ॲक्सलला शक्ती वाटणारी पेटी) ताण साठतो आणि काहीतरी तुटते. कारखान्यातून कधी कधी मागे ४.१० आणि पुढे ४.०९ अशी जोडी येते, तेवढा फरक चालतो. संगणकालाही नवा रेशो कळवावा लागतो, अन्यथा अनेक गाड्यांत वेगमापक चुकतो आणि गियर अवेळी पडतात.

नवे क्राऊन–पिनियन बसवल्यावर लगेच ट्रेलर जोडता येतो का?

नाही. नव्या दात्यांची पृष्ठे एकमेकांवर बसेपर्यंत फार उष्णता निर्माण होते, आणि तेल एकदा जास्त तापले की दात्यांचे कठीण केलेले पृष्ठ कायमचे बिघडू शकते. पहिले २०–३० किलोमीटर हलक्या पायाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि असे दोन–तीनदा करावे. सुमारे ८०० किलोमीटर होईपर्यंत ट्रेलर जोडू नये, त्यानंतर तेल बदलावे, कारण त्यात धातूचा बारीक चुरा उतरलेला असतो. तेल हायपॉइड (अशा क्राऊन–पिनियनच्या प्रकारच्या) गियरसाठी योग्य असे जीएल-५ दर्जाचे असावे, आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर उत्पादकाने सांगितलेले घर्षण-नियंत्रक द्रव्य त्यात मिसळावे. पहिल्यांदा ट्रेलर जोडाल तेव्हा तो हलका असावा, अंतर थोडे असावे, आणि परत आल्यावर ॲक्सलच्या सीलपाशी तेल पाझरलेले नाही ना, हे खाली वाकून पाहावे.